बाबांना झालेला स्टेनो

लातूर जिल्हा नवा झाला आणि तिथल्या कोर्टात मला स्टेनोची नोकरी लागली. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गावी एकच विहीर ओली राहिली. आमच्या बौद्धवाड्यानं सगळ्यांच्या मागून भरायचं, असं गावच्या पाटलानं, व्यंकटरावानं ठरवलं होतं. एका सकाळी बाबांनी सगळ्यांच्या आधी पोहरा सोडला.

व्यंकटराव आणि त्याच्या भावानं पोहऱ्याचाच दोर बाबांच्या गळ्यात टाकला. छातीवर पाय देऊन आवळला. डोळे पांढरे झाले तेव्हा सोडला. पोहऱ्यातलं पाणी मातीत ओतलं.

बाबा वाचले, आवाज गेला. श्वास घेताना शिट्टी वाजायची. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, "श्वासनळीचा स्टेनोसिस. मार बसला तिथं नळी आकसलीय."

आईनं त्यातलं ओळखीचं तेवढं उचललं. वाड्यात सांगत सुटली, "ह्यांला स्टेनो झालाय."

"बया, लेकीची नोकरी बापाला लागली की," शेजारची गुणाबाई म्हणाली. आईसुद्धा हसली.

मी कोश उघडला. दोन्ही शब्दांच्या मुळाशी एकच ग्रीक शब्द होता. अर्थ, अरुंद. थोड्या जागेत पुष्कळ बोलणं बसवायचं, हे माझं काम. बाबांच्या गळ्यात श्वासही बसत नव्हता. कोश मिटून ठेवला.

खटला आमच्याच कोर्टात उभा राहिला. लिहायला दुसरा स्टेनो बसवला, मी मागच्या बाकावर.

"तुमच्या नवऱ्याला काय झालं?" आरोपींच्या वकिलानं आईला विचारलं.

"स्टेनो झाला."

"स्टेनो तर तुमची मुलगी आहे, बाई." कोर्ट हसलं. "आजार म्हणा. आजार कुणालाही होतो. त्यात व्यंकटरावांचा काय दोष?"

आपलं कुठं चुकलं, हे आईला कळेना. ती पदर चाचपत खाली उतरली.

मग बाबा उभे राहिले. तोंड उघडलं, नुसती शिट्टी आली.

"खुणेनं सांगा," न्यायाधीश म्हणाले.

बाबांनी टेबलावरचा जप्तीचा दोर उचलला. गळ्याला वेढा दिला, टोक कठड्यात अडकवलं आणि सगळं अंग मागे टाकलं. नजर व्यंकटरावावर. चेहरा जांभळा झाला, जीभ बाहेर आली. स्टेनोची पेन्सिल थांबली.

"बाबा, बस," मी म्हणाले.

ते थांबले नाहीत. विहिरीवर जेवढा आवळला होता, तेवढा त्यांनी आवळून दाखवला. व्यंकटरावानं मान खाली घातली. शिपायांनी धावत जाऊन दोर सोडवला. न्यायाधीशांनी पाहिलेलं जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं.

संध्याकाळपर्यंत गळ्याला सूज चढली. दवाखान्याच्या पायरीवर, माझ्या मांडीवर डोकं, टाचा फरशीवर घासत बाबा गेले. शेवटी शिट्टीही वाजली नाही.

मातीला आलेल्या गुणाबाईनं आईचा हात धरला. "स्टेनोनंच गेले का गं, सरजा?"

"न्हाई," आई म्हणाली. "दोरानं."