एका ताटाची रीत

भडगावलगतच्या त्या गावात लग्नासाठी ताईबाईंना बोलावण्याची एक रीत होती. यजमानीण स्वतः कुंकवाचा करंडा घेऊन दारी यायची. ताईबाई दिवसभर खापरावर पुरणाचे मांडे भाजायच्या आणि बठ्ठा म्हणजे अख्खा गाव जेवून उठला की दोघी एका ताटात जेवायच्या. मजुरीचा विषय काढणे म्हणजे आईला दुधाचा भाव विचारणे.

गावातल्या नवलच्या शेतातून महामार्ग गेला आणि मोबदल्यापाठोपाठ घरात सुसंस्कृतपणा आला. मुलाचे लग्न जळगावच्या लॉनवर ठरले. या खेपेस नवलची बायको दिपमाला आली नाही. केटररचा माणूस आला. तिला सवड नसेल, अशी स्वतःची समजूत घालून ताईबाईंनी आहेराचे पातळ पिशवीत घेतले आणि त्या निघाल्या.

लॉनवर त्यांना मागच्या फाटकातून आत घेतले गेले. अंगावर एप्रन, डोक्यावर कागदी टोपी, टेबलावर पाटी: ‘खान्देशी लाइव्ह काउंटर’. परंपरेचा जाहीर सन्मान करायचा, तर तिला आधी गणवेश चढवावा लागतो.

वाढप्यांनी त्यांना चारदा जेवायला बोलावले. त्या नाही म्हणाल्या. आपले ताट कुणाबरोबर आहे, हे त्या परक्यांना काय सांगायचे?

अखेर दिपमाला आली. सोबत पुण्याचे व्याही. ताईबाईंनी लगबगीने हात पुसले.

“आमच्या गावच्याच आहेत, अगदी अस्सल,” दिपमाला व्याह्यांना म्हणाली. मग ताईबाईंकडे वळून, “मावशी, यांना गरम द्या हं.”

तीस वर्षे ‘अक्का’ म्हणत आलेले ते तोंड. ताईबाईंनी गरम मांडा दिला. फोटो निघाले, मंडळी आइस्क्रीमकडे सरकली. निघताना केटररने हातावर पाकीट ठेवले. आहेराचे पातळ पिशवीतूनच परत आले, आणि उपाशी पोटही.

पंधरा दिवसांनी गल्लीतली बेबाबाई करंडा घेऊन दारी आली. तिचा नवरा निंबा हमाल. लेकीचे लग्न दारापुढच्या मांडवातच होते. तिने कुंकवात बोट बुडवले, तोच ताईबाईंनी कपाळ मागे घेतले.

“किती रुपया देशी?”

अक्का थट्टा करते आहे असे वाटून बेबाबाई हसली. “आपन एकच ताटमा जेवसूत ना, अक्का.”

“ताट नको. पाकीट लई ये.”

बेबाबाईचे हसू मावळले. तिने करंड्याचे झाकण लावले. बोटाला लागलेले कुंकू कुठे पुसावे, हे मात्र तिला कळेना.