ती पोळ, तो पोळ

पत्नी गेल्यावर हेमचंद्र दिघे बडोद्याच्या घडियाळी पोळमधलं घर सोडून कारेलीबागेत मुलाकडे राहायला आले. मुलगा अभिजित दिवसभर कंपनीत असे. घरी ते आणि सून मैत्रेयी. ती सांगलीकडच्या खेड्यातली, नुकतंच लग्न होऊन आलेली. दोघं एकमेकांशी अदबीनं वागत, पण बोलणं चहा-जेवणापुरतंच.

दोन हजार आठ साल होतं. घरात इंटरनेट आलं आणि हेमचंद्रांना मराठीतल्या ऑनलाइन ज्ञानकोशाचा नाद लागला. तिथे कुणालाही लेख लिहिता आणि बदलता येत असे. त्यांनी ‘पोळ’ नावाचा लेख लिहिला. एकाच दरवाजातून आत जाणारी गल्ली, भिंतीला भिंत लागलेली घरं, संध्याकाळी ओट्यांवर रंगणाऱ्या गप्पा. लिहिताना चष्मा दोनदा पुसावा लागला.

दुसऱ्या दिवशी लेख गायब! त्या जागी ओळ होती : ‘देवाच्या नावानं मोकळा सोडलेला वळू.’

“मैत्रेयी, बघ गं! कुणीतरी मस्करी केलीय. आमच्या पोळमध्ये वळू घातला!”

ती वाचून हसली आणि तिनं जीभ चावली. “बाबा, मस्करी नाही ही. आमच्याकडे पोळ म्हणजे वळूच. शाळेत जाताना मी आमच्या गावच्या पोळाला भाकरी द्यायचे. रस्त्यात आडवा उभा राहायचा, दिल्याशिवाय हलायचा नाही.” तिचा आवाज एकदम ओला झाला. “तो मेला त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही.”

हेमचंद्रांनी शेजारची खुर्ची ओढली. “बस इथे. नीट सांग.”

ती बराच वेळ सांगत राहिली.

मग दोघांनी वळूची ओळ लिहिणाऱ्याला निरोप धाडला. ते फलटणचे निवृत्त गुरांचे डॉक्टर होते, जयवंतराव. त्यांचं उत्तर आलं : ‘गल्लीलाही पोळ म्हणतात हे ठाऊक नव्हतं. चुकीचं समजून पुसलं, माफ करा.’

पुसलेला मजकूर जुन्या नोंदींतून परत मिळाला. एका नावाच्या अनेक गोष्टी असल्या, की वाचकाला वाट दाखवणारं वेगळं पान करायचं, हे मैत्रेयीनं मदतीच्या पानावर शोधून काढलं.

“निःसंदिग्धीकरण म्हणतात त्याला.”

“बाप रे! बरं, यादीत वर कोण?”

“तुमची पोळ.”

“नाही, तुझा पोळ. गल्ल्या झाल्या त्याच्या आधीपासून तो हिंडतोय. मला काही वांधो नाही.”

तिनं तसं लिहिलं. मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, “बाबा, तुमची पोळ मी आतून पाहिलीच नाही. न्याल?”

रविवारी स्कूटरवरून दोघं निघाली. पोळमध्ये ओट्यावर शेंगा निवडत बसलेल्या जुन्या शेजारीण गंगाबाईंनी “आवो, बेसो” म्हणत जागा करून दिली. “सूनबाई, करमतं का बडोद्यात?”

मैत्रेयी त्यांच्या शेजारी टेकली. “आता करमायला लागलंय,” ती म्हणाली आणि त्यांच्या सुपातल्या शेंगा निवडू लागली.