दोन बोटं जास्त

लांबूनच बघा, हात लावू नका. आणि "बाई गं, काय देखणी आहे!" असं तर मुळीच म्हणू नका. देखणी, देखणी ऐकून माझे कान किटलेत. मी बंदूक बोलतेय, आणि आज मी गोड बोलणार नाहीये.

आधी एक गैरसमज काढून टाका. घरी येणारा प्रत्येक पाहुणा मला बघून एकच विचारतो, "हिनं काय काय मारलंय?" काही नाही मारलं हो! मी शिकारीची नव्हे, स्पर्धेची बंदूक. मैदानातल्या खड्ड्यातून एक यंत्र केशरी रंगाची मातीची चकती हवेत भिरकावतं. ती खाली पडायच्या आत फोडायची, एवढंच माझं काम. चकती असते बशीपेक्षा लहान, आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच लांब निघून जाते. तिच्यावर एक डोळा मिटून, जीभ बाहेर काढून सावकाश नेम धरत बसता येत नाही. मला खांद्याला लावलं, गाल टेकवला, की माझ्या नळ्या आपोआप नजरेच्या रेषेत आल्या पाहिजेत. आल्या तर चकतीचा भुगा. नाही आल्या तर मी म्हणजे नुसती नक्षीदार काठी.

हे सगळं अवलंबून असतं दस्त्यावर. दस्ता म्हणजे माझा लाकडी भाग, खांद्याला टेकतो तो. माझा दस्ता जुन्या अक्रोडाच्या बुंध्याचा आहे. शेपटाकडे, म्हणजे मागच्या टोकाकडे, त्याच्या रेषा अशा काही वळल्यात की बघणारा बघतच राहतो. बाजूच्या पोलादी पट्ट्यांवर कारखान्यातल्या एका बाईनं डोळ्याला भिंग लावून पानंफुलं कोरली. कोरता कोरता ती पुटपुटायची, "फुलांनी काय चकती फुटते?" शहाणी होती बाई. तिचं कुणी ऐकलं असतं तर!

आता नीट ऐका, पुढचं सगळं यावरच आहे. कारखान्यात दस्ता मुद्दाम लांब ठेवतात. लांब लाकूड कापता येतं, आखूड लाकूड ताणता येत नाही, म्हणून. ज्यानं घेतली त्यानं आपल्या हाताप्रमाणे, मानेप्रमाणे कापून घ्यायची, ही आमच्यातली रीत. नवी पँट आणल्यावर खालून दुमडून घेता ना, तसंच. कापलं म्हणजे बंदूक बिघडली असं नाही. कापली की ती कुणाची तरी होते.

मला विकत घेतलं चिंगीच्या बाबांनी. चिंगी हे घरातलं नाव. पोरगी कॉलेजात जाणारी, अंगानं काटकुळी, जिद्दीनं मात्र लोखंड. तिला हा खेळ शिकवला तिच्या आत्यानं. आत्या स्वतः तरुणपणी खेळलेली. तिचीच जुनी बंदूक चिंगी वापरायची, कापलेली, चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि त्या म्हाताऱ्या बंदुकीनं चिंगी एकामागून एक चकत्या उडवायची. पण म्हातारीचे सांधे ढिले झाले, आणि मैदानावरच्या साहेबांनी सांगून टाकलं, "ही आता धोक्याची. दुसरी आणा." समोर निवड चाचणी होती. कनिष्ठ गटात बसायचं चिंगीचं ते शेवटचं वर्ष. तिथं निवड झाली असती तर पोरगी संघातून खेळायला गेली असती. लहानपणापासून तिनं दुसरं काही मागितलंच नव्हतं.

आत्यानं भावाला बजावून पाठवलं होतं, "दादा, दुकानात तू फक्त पैसे दे. तोंड उघडू नकोस. निवडू दे तिला."

दादा कुठले गप्प बसतायत! त्यांचं फरशांचं आणि नळांचं मोठं दुकान. वस्तू नजरेत भरली पाहिजे, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. त्यातून एकदा मैदानावर कुणीतरी चिंगीच्या चिकटपट्टीवाल्या बंदुकीकडे बघून हसलं होतं, "भंगारातून आणलीस का गं?" ते बाबांच्या मनात सलत होतं. माझ्या पोरीकडे कुणी बोट दाखवता कामा नये, एवढंच त्यांच्या डोक्यात. वाईट माणूस नाही हो. वाईट असते तर मी एवढी चिडलेच नसते.

दुकानदारानं हिरव्या कापडावर तिघींना ठेवलं. एक जाडजूड; ती चिंगीनं उचलली आणि "अगं आई गं" म्हणत खाली ठेवली. दुसरी काळी, साधी, छत्रीच्या दांड्यासारखी दिसणारी, पण तिचा दस्ता किल्लीनं लांब-आखूड करता यायचा. तिसरी मी.

चिंगीनं आत्यानं शिकवल्याप्रमाणे डोळे मिटले, काळीला खांद्याला लावलं, आणि डोळे उघडले. पोरीचा चेहरा फुलला. "बाबा, ही!"

"ही?" बाबांनी नाक मुरडलं. "अगं, हिच्यापेक्षा आपल्या दुकानातले नळ बरे दिसतात. ती बघ ना, ती फुलांची."

तिनं मला उचललं. डोळे मिटून खांद्याला लावायला गेली, तर माझं शेपूट तिच्या बगलेत अडकलं. "बाबा, ही लांब होते मला."

"सवय होते गं. नवी चप्पल चावतेच." असं म्हणून त्यांनी मला तिच्या हातातून घेतलं, आरशासमोर उभे राहिले, आणि खांद्याला लावलं. बसले मी बरोबर. दुकानदार म्हणाला, "वा साहेब! तुमच्यासाठीच घडवलीय जणू." बाबांना स्वर्ग दोन बोटं उरला. चिंगीनं काळीकडे एकदा बघितलं. झालं, आमचं लग्न लागलं. नवरी मी, आणि पसंती भलत्याचीच!

मैदानावर पहिल्याच दिवशी माझे वाभाडे निघाले. मी दोन बोटं लांब. चिंगी मला वर घ्यायची तेव्हा मी तिच्या जाकिटात अडकायचे. अडकू नये म्हणून ती मागे रेलायची. मागे रेललं की गाल माझ्यावर नीट टेकायचा नाही, आणि बार सुटला की माझा दणका थेट तिच्या गालाच्या हाडावर. चकती जायची खालून आणि छर्रे जायचे वरून. आठवड्याभरात पोरीचा गाल काळानिळा झाला. मग ती चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागली. मार खाणारं माणूस दुसरं काय करणार? आणि मारत होते मी. ज्या पोरीसाठी मला आणलं तिलाच मी मारत होते. माझ्या हातात असतं तर मी स्वतःला मोडून घेतलं असतं.

आत्यानं एक नजर टाकली आणि कपाळावर हात मारला. "दादा, हिचं शेपूट काप. आजच्या आज. मिस्त्रीकडे टाक, अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"काप?" बाबा असे ओरडले जणू त्यांचा पाय कापायला सांगितलाय. "हे लाकूड? अगं, रेषा बघ तिथल्या! सगळी शोभा त्या शेपटात आहे. फरशी कापली की कटपीस होते, माहितीये ना? कटपिसाला कुणी विचारत नाही."

"चकतीला दिसतात का रे तुझ्या रेषा?"

"तू मध्ये पडू नकोस. सराव वाढवला की होईल सगळं ठीक."

मी ओरडत होते. कापा मला, कटपीस तर कटपीस! माझ्या शोभेला काडी लावा! पण बंदुकीचं ऐकतो कोण? इथं पोरीचं कुणी ऐकत नव्हतं. ती बिचारी गालाला बर्फ लावून म्हणायची, "बाबा, खरंच लांब होते हो." आणि बाबा तिच्यासाठी नवं मलम घेऊन यायचे. मलम! दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, म्हणतात ते हेच.

चाचणीच्या दिवशी सकाळी बाबांनी मला मऊ कापडानं पुसलं. शेजारपाजारचे खेळाडू माझ्याभोवती जमले, "काय वस्तू आहे!" बाबांची छाती फुगली. चिंगी मात्र कोपऱ्यात उभी राहून हात झटकत होती.

तिनं "पुल!", म्हणजे "सोड चकती!", अशी हाक दिली. चकती सुटली. मी जाकिटात अडकले. चकती गेली. दुसरी फुटली, तीही कडेनं जेमतेम. तिसरी गेली, चौथी गेली. शेवटाशेवटाला तर तिचे डोळे हाक देतानाच मिटत होते. निकालाचा फळा लागायच्या आत ती मला खोक्यात ठेवून गाडीत जाऊन बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी सगळे जेवणाच्या टेबलाशी बसले. बाबांनीच सुरुवात केली, आणि काय बोलावं माणसानं! "मी माझ्याकडून काही कमी ठेवलं नाही. सगळ्यात उत्तम बंदूक दिली. आता बंदुकीत तर दोष नाही."

चिंगीनं ताट सरकवलं. "नाही ना. दोष माझ्यातच आहे. सोडलं मी, बाबा. विकून टाका ती." आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

आत्या उठली. कपाटातून मला काढलं, उघडून नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, आणि भावापुढे धरलं. "ऊठ, दादा. डोळे मीट. लाव खांद्याला."

"हे काय आता?"

"लाव म्हणते ना!"

बाबांनी लावलं. डोळे उघडले.

"काय दिसतं?"

"सरळ दिसतंय. अगदी सरळ."

"दिसणारच. तुझ्या मापाची घेतलीयस तू ती. पोरीच्या नावावर स्वतःसाठी बंदूक आणलीस, आणि वर तिच्यातच दोष काढतोस?"

बाबा खुर्चीत टेकले. मला मांडीवर घेऊन बसून राहिले. माझ्या रेषांवरून हात फिरवायची त्यांची सवय होती, तेवढा मात्र त्या दिवशी फिरवला नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला मिस्त्रीकडे घेऊन गेले. मिस्त्री तुसडा माणूस, बिडी विझवल्याशिवाय मान वर करायचा नाही. बाबा म्हणाले, "हिचं शेपूट काप."

"कुणाच्या मापानं?"

"माझ्या मुलीच्या."

"कुठाय मुलगी?"

"ती यायची नाही. अंदाजानं काप. एवढीशी आहे," म्हणत बाबांनी हातानं उंची दाखवली. मिस्त्रीनं त्या हाताकडे बघितलं. तो हात बाबांच्या कमरेशी होता.

"साहेब, एवढी तर शाळेतली पोर असते. तिला घेऊन या. लाकूड एकदा कापलं की परत चिकटत नाही." असं म्हणून त्यानं माझ्या शेपटाला दणका सोसायला लावलेलं रबर काढलं आणि मला तसंच बाजूला ठेवलं.

तशीच पडून राहिले मी भुशात. घरात काय बोलणी झाली, कुणी कुणाची समजूत काढली, मला ठाऊक नाही. पण एका सकाळी दार ढकलून चिंगी आत आली. मागून बाबा, ओरडा खाऊन आलेल्या पोरासारखे.

"माप घ्या," ती मिस्त्रीला म्हणाली. बाबांकडे बघितलं नाही. तिनं डोळे मिटले, मला खांद्याला लावलं, आणि मी सवयीप्रमाणे तिच्या बगलेत अडकले.

बाबा चाचरत म्हणाले, "बाळा, कशी वाटतेय? लांब होते का गं?"

"होते. पहिल्या दिवसापासून होते."

"मग बोलली का नाहीस?"

मला वाटलं, आता माझ्याच नळ्यांतून बार निघणार! चिंगीनं मला खाली घेतलं. "बोलले होते, बाबा. दुकानात बोलले. मैदानावर बोलले. गाल सुजला तेव्हा बोलले. तुम्ही आज विचारलंत."

मिस्त्रीनं पेन्सिलीनं रेघ मारली. करवत लावायच्या आधी त्यानं बाबांकडे बघितलं. "माझ्याकडे काय बघतोस? तिला विचार," बाबा म्हणाले. चिंगीनं मान डोलावली, आणि करवत चालू झाली. दुखलं का म्हणाल तर नाही. एवढं हलकं मला घडवल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

दोन बोटांचा तुकडा भुशात पडला. सगळ्या देखण्या रेषा त्याच्यातच. चिंगीनं तो उचलला, फुंकर मारून भुसा उडवला, आणि बाबांच्या हातावर ठेवला. "हे घ्या. एवढं तुमच्या मापाचं होतं."

म्हणून सांगते, कुणासाठी काही घ्यायला जाल तेव्हा ज्याच्यासाठी घेताय त्याच्या हातात द्या, आणि तुम्ही आरशापासून लांब उभे राहा. ते "लांब होते" म्हणालं तर लांब होते. मलम आणू नका.

माझा राग गेला का? नाही गेला. कनिष्ठ गटाचं वर्ष गेलं, ते कुठला मिस्त्री जोडून देणार? आता मोठ्यांच्या गटात पोरीला पहिल्यापासून सुरुवात आहे, आणि डोळे मिटायची सवय मोडता मोडता तिच्या नाकी नऊ आलेत. पण आज सकाळी ती मैदानात उभी आहे. बाबा कुंपणामागे, तोंड बंद, एक हात खिशात. खिशात काय आहे ते मला माहीत आहे.

तिनं मला वर घेतलं. कुठंही अडकले नाही. गाल टेकला, डोळे उघडे आहेत. आता ती हाक देईल. मी गप्प बसते, तुम्हीही बसा. निदान या वेळी तरी तिचं ऐकू या.