जुडीतल्या जास्तीच्या काड्या

इंग्रजांनी लाल कोट दिल्यापासून कोचा हाजोचे पाय जमिनीला लागत नव्हते. भर उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावून तो बहिणीच्या, लानीच्या, दारात आला आणि भाच्याच्या हातात काड्यांची जुडी ठेवली.

"नोकोसी, रोज सकाळी एक काडी मोडून टाकायची. संपल्या की निघायचं, थेट नदीच्या मुखाशी. इंग्रजांची जहाजं येतायत. बंदुका, दारूगोळा, हवं ते! मग बघतो हे अमेरिकन आपल्या मक्यात गुरं कशी घालतात!"

"स्पॅनिश लोकांनीही असंच सांगितलं होतं," लानी म्हणाली. "त्यांच्या बंदुका बघायला मिळाल्या का तुला?"

"ताई, तू तुझी सोफकी ढवळ."

लानी मक्याची पेज ढवळत राहिली. मस्कोगी आदिवासींच्या घरात मुलावर हक्क मामाचा. आईने किती बोलायचं? पण नोकोसी एकुलता एक होता, आणि आईचं काळीज कुणाचा हक्क जुमानत नाही.

तिचं घर ओढ्याच्या वरच्या अंगाला, गावापासून लांब. गावाची जुडी वेगळी, नोकोसीची वेगळी. तो शिकारीला गेला तेव्हा तिने वेत कापले, राख चोळून जुने केले आणि जुडीत सरकवले. लढाई आटोपल्यावर पोचू दे. भित्रा म्हणतील, म्हणोत बापडे. जिवंत तर राहील.

"आई, मामाने काड्या जरा जास्तच दिल्यात गं."

"इंग्रज कधी वेळेवर आलेत का?" ती म्हणाली, आणि दोघं पोटभर हसली.

काड्या संपल्या. भाजलेल्या मक्याचं पीठ कमरेला बांधून नोकोसी रानवाटेने निघाला.

दोन दिवसांनी कोचा होडीतून परतला.

"फसवलं ताई आपल्याला! त्यांच्या राजाने अमेरिकनांशी परस्पर समेट केला आणि जहाजं निघून गेली. आम्ही वाट बघून बघून उठलो. तेवढ्यात अमेरिकन शिपाई येतायत असं कळलं, म्हणून वाचलो. एकालाही ओरखडा नाही. तुझा लेक खरा शहाणा, आलाच नाही! कुठाय?"

लानीच्या हातून पळी पडली.

"गेलाय."

"आता? काड्या तर केव्हाच..."

"मी घातल्या जास्तीच्या."

कोचा तसाच मागे पळाला. त्याने भाच्याला आणलं ते त्या लाल कोटात गुंडाळून. तिथल्या एका कोळ्याने पाहिलं होतं. नदीच्या मुखाशी आपल्या लोकांच्या तळावरचा धूर पाहून नोकोसी मामाला हाका मारत, हसत धावत गेला होता. धूर अमेरिकन शिपायांचा होता.

"तू नाही मारलंस," कोचा रडत म्हणाला. "माझ्या कोटाने मारलं." लानीने त्याला जवळ घेतलं, पण तिला ते पटलं नाही.

उन्हाळ्यात कोवळ्या मक्याचा सण आला. घरोघरचे विस्तव विझवले गेले, चौकात नवा पेटला. भांडणं मिटली, पकडलेले चोर सुटले. बायका आपापल्या चुलीसाठी निखारे घेऊन गेल्या. लानी आली नाही, म्हणून कोचाच जळतं लाकूड घेऊन ओढ्याच्या वर गेला.

"घे ताई. नवं वर्ष लागलं. आज सगळं माफ असतं."

"खून सोडून," लानी म्हणाली.

लाकूड विझेपर्यंत तो दारात उभा होता. तिने हात पुढे केला नाही.