डाव्या वाटेचा दाणा

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला एक म्हातारा पांढरा उंदीर आहे. 'मित्रांनो' म्हणालो ते रीत म्हणून. माणसाच्या जातीवर माझा राग आहे आणि तो जायचा नाही.

माझा जन्म इथेच, एका जाळीच्या पिंजऱ्यात झाला. मी नंबर सतरा, माझा भाऊ नंबर अठरा. मोठे झाल्यावर आम्हाला एका लाकडी वाटेत सोडू लागले. थोडं सरळ गेलं की दोन फाटे, आणि डाव्या फाट्याच्या टोकाला वाटीत दाणा. चार दिवसांत आम्ही डोळे मिटून डावीकडे वळू लागलो. इथल्या मुख्य असलेल्या चष्मेवाल्या बाईंनी आमचं तोंडभर कौतुक केलं.

मग त्यांनी दाणा उजवीकडे ठेवला. आता जुनी सवय मोडायची होती. मेंदूत आठवणी सांभाळणारा एक भाग असतो. 'आता पूर्वीसारखं राहिलं नाही' हे समजायला तोच मदत करतो. माझा तो भाग शाबूत होता, म्हणून पाचसहा वेळा फसल्यावर मी उजवीकडे वळू लागलो. डावी वाट मी विसरलो नाही हं! ती डोक्यात आहेच, फक्त तिच्यावर नवी आठवण बसली आहे.

भावाचा तोच भाग बाईंनी सुई टोचून काही दिवसांपुरता बधिर केला होता. तो बिचारा रोज डावीकडे धावायचा, रिकामी वाटी हुंगायचा आणि उपाशी परतायचा. औषध उतरल्यावर तो शिकतो का, हे बाईंना पाहायचं होतं.

तो शिकलाही असता. पण पिंजरे साफ करणाऱ्या काकांना त्याचा कळवळा आला. बाई जेवायला गेल्या की ते भावाला वाटेत सोडायचे आणि डाव्या वाटीत गुपचूप दाणा टाकायचे.

"खा रे राजा, कोणाला कळणार आहे!"

ज्याला कळायचं त्याला कळलं. डावीकडे अधूनमधून का होईना, मिळतं, हे भावाच्या डोक्यात पक्कं बसलं.

औषध उतरून दहा दिवस झाले तरी तो डावीकडेच वळत होता. बाई म्हणाल्या, "याच्यात काही सुधारणा नाही. उद्या याचा मेंदू काढून तपासू."

काका झाडू घेऊन शेजारीच उभे होते. "बाई, चूक माझी आहे," एवढं म्हणाले असते तर भाऊ वाचला असता. त्यांनी घसा खाकरला आणि विचारलं, "मग पिंजरा धुऊन ठेवू का?"

आता ते माझे लाड करतात. रोज सकाळी जाळीतून दाणा पुढे करतात आणि डोळे पुसतात. भाऊ गेल्यानंतरच्या पहिल्या सकाळी माझे पाय आपोआप त्या हाताकडे धावले. त्याची मला अजून लाज वाटते. त्या दिवसापासून मी ती सवय मोडायला घेतली. बाईंनी शिकवलेली विद्या एवढ्या एकाच कामी आली.

मित्रांनो, मुक्या जिवाची कीव आली तर दाणा टाकून मोकळे होऊ नका. त्याच्यासाठी तोंड उघडा. ते जमत नसेल तर लांब राहा.

काल काकांचं बोट जाळीच्या आत आलं. मी दाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही, बोटाचाच कडकडून चावा घेतला. तेव्हा मात्र काकांच्या तोंडून आवाज फुटला.