अकरा सेकंद

दुकानात त्याला सगळे डॉक्टर म्हणत. बुरशी धरलेल्या टेप, चरे पडलेल्या डिस्क, मध्येच अडकणाऱ्या फायली लोक त्याच्या टेबलावर आणून ठेवत आणि तो कुणाकडेही फारसे न पाहता, मान खाली घालून, त्या चालत्या करून देई. तेव्हा एका संध्याकाळी घरी मुलगी पेन ड्राइव्ह घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली, तर ते काम खरे म्हणजे त्याच्या हातचा मळ होते.

मुलगी त्याच्या बायकोची, पहिल्या लग्नाची. तेरा वर्षांची. एका छपराखाली पाच वर्षे काढूनही तिने त्याच्याकडे आपण होऊन आजवर काहीही मागितले नव्हते.

"काका, बाबांचा व्हिडिओ आहे. आजीला रविवारी द्यायचाय, तिच्या पंच्याहत्तरीला. तिच्याकडे तो जुना डीव्हीडी प्लेअरच आहे. मी फाइल डिस्कवर टाकून बघितली, तर तो म्हणतो, डिस्कच नाही!"

"नुसती टाकून भागत नाही. जागा वाचावी म्हणून ती दाबून बसवलेली असते. ती उलगडून प्लेअरच्या साच्यात ओतावी लागते."

"मग तुम्हीच ओता. दुकानात आणखी कुणाच्या हातात देऊ नका हं. बाबांचा हा एकच आहे."

"नाही देणार," तो म्हणाला. इतका आनंद झाला असताना माणूस आणखी काय बोलतो, हे त्याला कधीच उमगले नव्हते.

तिचे बाबा ती सहा वर्षांची असताना गेले होते; आजी त्यांची आई. बैठकीत त्यांचा फोटो होता. डॉक्टर रोज त्यावरची धूळही पुसत असे. फोटोचा त्याला कधी त्रास झाला नाही. फोटो गप्प असतात.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने फाइल उघडली. तळ्याकाठची सहल, चाळीस मिनिटांची. कॅमेरा बायकोच्या हातात असावा, कारण ती कुठे दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. पहिल्या प्रयत्नात चित्राची रुंदी चुकली आणि पडद्यावरचा तो उंच, उमदा माणूस बुटका, पसरट होऊन डुलत डुलत चालू लागला. डॉक्टरला हसू फुटले. ते पसरट ध्यान त्याने गरजेपेक्षा बराच वेळ चालू दिले. मग स्वतःचीच लाज वाटून मापे सुधारली, आणि ज्याचा हेवा करायचा त्याला स्वतःच्या हातांनी पुन्हा देखणे केले.

दुसरा दोष अधिक चिवट निघाला. सुरुवातीला ओठ आणि शब्द बरोबर चालत. पुढे आवाज मागे पडू लागे. शेवटी शेवटी तर माणूस बोलून तोंड मिटून घेई आणि त्याचे बोलणे चार सेकंदांनी, चुकलेल्या पाहुण्यासारखे येई.

"काय डॉक्टर, पेशंट श्वास घेतोय ना?" मालकांनी जाता जाता विचारले.

"घेतोय. पण जरा उशिरा."

"मग बिल लवकर करा!" मालक स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन पुढे गेले.

आवाज नेमका किती मागे पडतो हे मोजायला एखादा खणखणीत क्षण लागतो. कुणी टाळी वाजवावी, दार आपटावे. या फितीत तसा क्षण एकच होता, अठराव्या मिनिटाला. तो माणूस घडीची खुर्ची उघडत असतो. आधी सोबतचा सूचनांचा कागद गंभीरपणे, मोठ्याने वाचतो. मग ऐटीत बसतो. कडाड आवाज होतो आणि खुर्चीसकट तो जमिनीवर. आणि मग कॅमेरा थरथरू लागतो, कारण ती हसत असते.

अकरा सेकंद. ते हसणे आधी नाकातून फुटे, मग आवरेनासे होई, मग श्वास संपे तरी थांबत नसे. "अरे, ऊठ ना! अरे, तू—" एवढे म्हणून पुन्हा बांध फुटे. शेवटी उचकी.

मोजमापासाठी डॉक्टरने ते अकरा सेकंद तीसेक वेळा ऐकले. दर वेळी वाटे, आता सवय होईल. दर वेळी ते आणखी खोल रुतत. डॉक्टरशी बायको गोड बोले, त्याचे दुखलेखुपले पाही, त्याला "अहो" म्हणे. त्यांच्यात भांडणही असे सभ्य होई की शेजारच्यांना कळू नये. पण असे हसणे? पाच वर्षांत एकदाही नाही. त्याने कधी खुर्ची मोडली नव्हती, हे खरे. पण मोडली असती तर ती धावत आली असती, "लागलं का हो?" म्हणाली असती. त्याने व्हिडिओ मागे घेऊन ते हसणे पुन्हा लावले.

शनिवारी दुपारी दुखणे सापडले. आवाज कुठे कमी, कुठे जास्त दाबलेला होता. साच्यात ओतताना त्याचा हिशेब चुके. त्याने आवाज सबंध वेगळा काढला, पूर्ण उलगडून निराळ्या फायलीत ठेवला. चित्र स्वतंत्रपणे बदलून घेतले. आता दोन्ही जोडली की काम फत्ते.

चित्राची पट्टी त्याच्यापुढे पसरली होती. अठराव्या मिनिटावर त्याचा हात थांबला. अकरा सेकंद गेले तर चाळीस मिनिटांत कुणाला कळणार? म्हाताऱ्या आईने मुलाला पडताना का पाहावे? असली कारणे त्याला भराभर सुचत गेली. खरे कारण त्याने स्वतःपुढेही उच्चारले नाही. खुर्चीवर बसण्याच्या आधी एक खूण, उचकीनंतर एक खूण. कापले.

"झालं का?" मालक पाठीमागे येऊन उभे होते.

तो चोरासारखा दचकला. घाईघाईने चित्र आणि आवाज जोडले, डिस्क लिहायला लावली, आणि पहिली पाच मिनिटे दुकानातल्या प्लेअरवर लावून पाहिली. ओठ आणि शब्द अगदी हातात हात घालून चालले होते.

रविवारी दुपारी आजींच्या दोन खोल्यांच्या घरात चौघे टीव्हीपुढे बसले. आजी अगदी पडद्यासमोर खुर्ची ओढून बसल्या होत्या. मुलगी त्यांना एकेक दाखवत होती.

"आता बघ हं आजी, आता बाबा कागद वाचतील, आणि मग—"

चित्राने उडी मारली. तो माणूस क्षणात दूर, पाण्याकाठी पाठमोरा उभा होता. तळे शांत होते. आणि त्या रिकाम्या पाण्यावर कुठूनसा कडाड आवाज झाला, मग ते हसणे सुरू झाले. पहिल्या क्षणीच डॉक्टरला चूक कळली: त्याने चित्र कापले होते, आवाज जसाच्या तसा राहिला होता. जे गाडायचे, तेच त्याने मोकळे सोडले होते, आणि आता पुढचा प्रत्येक शब्द अकरा सेकंद मागे राहणार होता.

उचकी येऊन हसणे संपले.

"ही मी?" बायकोने विचारले. कुणालाच नव्हे. "मी अशी हसायचे?"

मुलगी त्याच्याकडे वळली. "काका, खुर्ची कुठे गेली? डिस्क अडकली का?"

उत्तर तिनेच आयते हातात ठेवले होते. चरा पडला असेल, प्लेअरचे भिंग मळले असेल. डॉक्टरच्या निदानाला कोण आव्हान देणार होते? त्याने तोंड उघडले.

"अडकली नाही. तेवढं मी कापलं."

"का?"

"ते हसणं..." तो बायकोकडे पाहू शकला नाही. "मला ऐकवेना."

"काय गं, झालं काय?" आजींनी मान न वळवता विचारले.

"आवाज मागेपुढे झालाय, आजी."

"होऊ दे. मला कुठे नीट ऐकू येतंय? तू तेवढी बाजूला सरक, तो दिसत नाही मला."

मुलगी सरकली, पण नजर त्याच्यावरून हलली नाही. "मूळ फाइल आहे? की तीपण?"

"आहे. तिला धक्कासुद्धा लावलेला नाही."

तिने तळहात पुढे केला. त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढून दिला. तिची मूठ घट्ट मिटली.

"उद्या शाळेतून थेट दुकानात येते. तुम्ही जोडायचं, मी शेजारी बसून बघणार. सगळं. आणि झालं की हा माझ्याकडे."

"बरं," तो म्हणाला. ती जाऊन आजीच्या पलीकडच्या बाजूला बसली.

"जरा मागे घे," बायको तिला म्हणाली. "ते पुन्हा लाव."

"आई, तिथे चित्र नाहीये."

"नसू दे. लाव."

मुलीने मागे घेतले. पाणी, पाठमोरा माणूस, कडाड आवाज. या वेळी डॉक्टरने पडद्याकडे पाहिले नाही. त्याची बायको पुढे झुकून, कपाळाला आठी घालून ऐकत होती. भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात कोण एवढे हसते आहे, याचा अंदाज घ्यावा तशी. त्याच्याकडे न पाहताच तिने त्याचे मनगट धरले. धरले ते रागाने की कशाने, हे त्याला कळले नाही. हसणे संपेपर्यंत तिने ते सोडले नाही, आणि त्यानेही सोडवून घेतले नाही.