शिवायचं न्हाय

घरात घट बसलेले, दिवा अखंड तेवतोय, सासू गिरिजाबाई देवीला माळ चढवतीय, आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत धाकटी सून शिवप्रिया सडत पडलीय. सडत, हाच शब्द. थोरली जाऊ वनमाला ताट घेऊन गेली, तर तो वास दारातच आडवा आला.

पोट पाडायच्या गोळ्या नवऱ्यानं, अमरसिंहानं, मेडिकलातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या. डॉक्टर न्हाय, तपासणी न्हाय, किती महिने झालेत ते कुणी इचारलं न्हाय. अंगावरून जायला लागलं तसं सासूनं तिला मागं बसवली. घटात विटाळ! ताट दुरून सरकवायचं, शिवायचं न्हाय. रक्त थांबंना, तरी सासूचं एकच, "जाऊ दे की. पोट साफ व्हायलंय."

"अक्का, थंडी वाजायली," शिवप्रिया पुटपुटली.

वनमालानं कपाळाला हात लावला. तापला तवा.

"शिवलीस का गं, भवाने?" सासू ओसरीवरून कडाडली. "घरात देवी बसलीय!"

"बसू द्या. ही मरायलीय इथं. भावजी, रिक्षा बोलवा!"

अमरसिंह दाराबाहेरच थबकला. नाकाला रुमाल. "हळू बोला वहिनी, गावात कळंल. दवाखान्यात इचारलं तर पाय घसरून पडली म्हणायचं."

त्याच्या कपाळाला मळवट, गळ्यात कवड्यांची माळ. त्या तोंडाकडं बघून वनमालाला खोलीतल्या वासापेक्षा जास्त किळस आली.

सरकारी दवाखान्यात त्यानं तेच पढवलेलं सांगितलं. "पडली."

"खोटं हाय, बाई," वनमाला म्हणाली. "गोळ्या दिल्यात. ह्यांनीच."

तपासत बसलेली डॉक्टरीण ताडकन उठली. "आधी सांगायचं ना! आत गर्भाचे तुकडे राहिलेत, विष अंगात पसरायलंय. तपासून, आमच्या देखरेखीत घेतल्या असत्या तर ही वेळच आली नसती."

पिशवी साफ केली, रक्त चढवलं. जीव वाचला. शुद्धीवर आल्यावर शिवप्रिया छताकडं बघत बोलली, "अक्का, मलाबी नकोच होतं ते. मग रडू का यायलंय?"

"येऊ दे," वनमाला तिचा हात धरून म्हणाली.

तेवढ्यात अमरसिंह डोकावला. "आई इचारायली, घट उठंपर्यंत हिला कुठं ठेवायचं?"

वनमाला दारापाशी जाऊन पचकन थुंकली.

"हिच्या माहेरी फोन मीच लावते. तू हल इथनं."